पासंग कोणी तपासायचा? क्ष-किरणांचे स्रोत आणि कॉलिन्स यांचा युक्तिवाद

मागच्या व्याख्यानात आपण प्रामाण्यवाद पाहिला. ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानातूनच कळते, की बाहेरून तपासून घ्यावे लागते, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद. त्यावर एका श्रोत्यांनी विचारले, "सर, आजच्या प्रयोगशाळेला याचं काय देणंघेणं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज प्रयोगशाळेतलेच एक काम घेऊ या: क्ष-किरण मोजणारी अतिसूक्ष्म यंत्रे तपासण्यासाठी क्ष-किरणांचे स्रोत तयार करणे. त्या निमित्ताने एका नामांकित पुस्तकाचे परीक्षणही करायचे आहे आणि आमची स्वतःची एक चूकही कबूल करायची आहे.

आधी एक घरगुती गोष्ट. आमच्या लहानपणी बाजारात तराजू असायचे. एक पारडे जड असले की दुकानदार दुसऱ्या पारड्याला चिंचोका नाहीतर तारेचा तुकडा बांधून काटा मध्यावर आणायचा. तो पासंग. आता बघा, रिकामा काटा मध्यावर दिसतो, वजनांवर सरकारी छाप आहे, तरी तराजू खोटा असू शकतो. कारण दांडीचा एक हात आखूड असेल आणि ती खोट पासंगाने झाकलेली असेल, तर रिकाम्या तराजूत ती दिसतच नाही. आमची आजी काय म्हणायची? "पारडी बदलून तोला." माल इकडे, वजन तिकडे. दांडी खोटी असली की लगेच उघडी पडायची. आजीकडे दुसरा तराजू नव्हता आणि निरीक्षकाचा शिक्काही नव्हता. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यंत्राकडे वळू. दूरच्या दीर्घिकासमूहांतला वायू कोट्यवधी अंश तापलेला असतो आणि तो क्ष-किरण सोडतो. त्या किरणांची ऊर्जा अचूक मोजली तर वायू कसा हलतो तेही कळते. जपानने २०१६ साली सोडलेल्या 'हितोमी' उपग्रहावर आणि २०२३ साली सोडलेल्या 'क्रिझम' उपग्रहावर यासाठी मायक्रोकॅलरीमीटर बसवले होते. तत्त्व सोपे आहे. क्ष-किरणाचा एक फोटॉन एका इवल्या तुकड्यावर आदळतो, तुकडा किंचित तापतो, आणि किती तापला यावरून फोटॉनची ऊर्जा काढतात. एका फोटॉनने होणारा ताप जाणवावा म्हणून तो तुकडा ५० मिलिकेल्विनला ठेवतात, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा फक्त विसावा भाग. सहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फोटॉनची ऊर्जा हे यंत्र सुमारे पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या बारकाव्याने सांगते. त्याआधीच्या सिलिकॉनच्या सीसीडी डिटेक्टरांचा बारकावा तिथे सव्वाशे-दीडशेच्या घरात असायचा.

पण 'इतका ताप म्हणजे इतकी ऊर्जा' हे कोष्टक कुठून येते? यंत्राचे तापमान केसभर हलले तरी ते बदलते. म्हणून यंत्राला आधी ओळखीचा फोटॉन दाखवावा लागतो, म्हणजे ज्याची ऊर्जा आपल्याला ठाऊक आहे असा. यालाच अंशशोधन म्हणतात, रोजच्या भाषेत कॅलिब्रेशन. आणि असे ओळखीचे फोटॉन देणारी वस्तू म्हणजे स्रोत.

सर्वांत जुना आणि साधा स्रोत म्हणजे लोह-५५ हा किरणोत्सारी पदार्थ. तो स्वतःच्याच कवचातला एक इलेक्ट्रॉन गिळून मँगनीज होतो आणि सुमारे ५,९०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण सोडतो. वीज नको, तार नको. पण त्याचा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षे. आपल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची क्ष-किरण दुर्बीण आहे. तिच्या सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर असेच चार स्रोत प्रकाश टाकतात. उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेला. हिशेब करा, दहा वर्षांत त्या स्रोतांची मूळ तीव्रता सुमारे आठ टक्क्यांवर येते. म्हणजे वजनच झिजत जाते, फक्त किती झिजते ते आधीपासून ठाऊक असते.

दुसरा प्रकार म्हणजे नळी. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन काढायचे, उच्च विद्युतदाबाने पळवायचे आणि धातूवर आपटायचे. क्रोमियम असेल तर क्रोमियमची रेषा, तांबे असेल तर तांब्याची. एका चाकावर निरनिराळे धातू बसवून चाक फिरवले की एकाच यंत्राला पाठोपाठ अनेक ओळखीच्या ऊर्जा दाखवता येतात. उपग्रहासाठी नेदरलँड्समधल्या एसआरओएन संस्थेने याची हुशार आवृत्ती काढली. तारेऐवजी अतिनील एलईडीचा प्रकाश एका पृष्ठभागावर पाडून इलेक्ट्रॉन काढायचे. दिवा लागला की क्ष-किरण, विझला की नाही. त्यामुळे आकाशाचे निरीक्षण चालू असतानाच मधूनमधून ओळखीचे फोटॉन सोडता येतात आणि वेळ पाहून ते वेगळे काढता येतात. अ‍ॅस्ट्रोसॅटच्याच दुसऱ्या एका उपकरणात, म्हणजे कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या प्रतिमाकात, अमेरिसियम-२४१ हा स्रोत आहे. तो सुमारे ६० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन सोडतो तेव्हा बरोबर एक अल्फा कणही सोडतो. अल्फा कण पकडला गेला की समजायचे, त्या क्षणी आलेला फोटॉन घरचा, आकाशातला नव्हे. स्रोताने साक्षीदार बरोबर आणला, असे म्हणा ना.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. अडचण सुरू होते ती यंत्र सुधारल्यावर, आणि हा भाग तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने नीट ऐकावा. मँगनीजची ती 'एक' रेषा मुळात एक नाहीच. दोन आहेत, एकमेकींपासून ११ इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर. शिवाय प्रत्येक रेषेला स्वतःची दोन-अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्टांची रुंदी आहे आणि आकारही सरळसाधा नाही, एका बाजूला कललेला. सीसीडीला हे काहीच दिसत नव्हते, त्याला एकच ढेकूळ दिसायचे. मायक्रोकॅलरीमीटरला दोन खांदे स्वच्छ दिसतात. म्हणजे काल जे माप होते ते आज स्वतःच मोजण्याची वस्तू झाले. यंत्राचा बारकावा दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर आला की दिसणारी रुंदी यंत्राची की स्रोताची, हेच कळेनासे होते. मग काय करतात? सिलिकॉनसारख्या एकाच स्फटिकात खाच कापतात आणि खाचेच्या दोन्ही भिंतींवरून किरण परावर्तित करून घेतात. त्या दोन परावर्तनांतून ऊर्जेची अगदी अरुंद पट्टी तेवढी पार होते. स्रोत यंत्रापेक्षा बारीक झाला की जी रुंदी उरते ती यंत्राची.

आता पुस्तकाकडे. हॅरी कॉलिन्स हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यांचे 'चेंजिंग ऑर्डर' हे पुस्तक १९८५ सालचे. त्यात त्यांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याच्या जोसेफ वेबर यांच्या दाव्यावरचा वाद तपासला आणि एक पेच मांडला. लहरी आहेत की नाहीत हे कळायला चांगले यंत्र हवे. यंत्र चांगले आहे की नाही हे कळायला त्याने बरोबर उत्तर द्यायला हवे. आणि बरोबर उत्तर कोणते, तर लहरी आहेत की नाहीत हे! आपल्या परिभाषेत हा अन्योन्याश्रय. कोणी म्हणेल, अंशशोधन करा की. कॉलिन्स यांचे उत्तर असे, की अंशशोधनात तुम्ही खऱ्या लहरीच्या जागी एक बदली संकेत वापरता, आणि बदली संकेत खऱ्यासारखाच आहे हे तुम्ही गृहीत धरलेले असते. म्हणजे पेच तिथेच राहिला. मग तो सुटतो कसा? शास्त्रज्ञांच्या समाजात वाटाघाटी होऊन सुटतो, असे त्यांचे म्हणणे.

आम्ही कॉलिन्स एम. ए.च्या वर्गाला बरीच वर्षे शिकवला आणि मान डोलावत शिकवला. अंशशोधनाचा भाग आला की 'ही तांत्रिक बाब आहे' म्हणून दोन मिनिटांत पुढे जायचो. एकदा एका विद्यार्थिनीने, ती भौतिकशास्त्र करून आमच्याकडे आली होती, विचारले, "सर, पण स्रोत बनवतात कसे ते बघायला नको का?" आम्ही म्हणालो, तो आपला विषय नाही. ती आमची चूक होती. विषय नेमका तोच होता.

कॉलिन्स यांना १९९४ साली अ‍ॅलन फ्रँकलिन यांनी उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वेबर यांचा दावा नाकारण्यामागे कारणे होती, आणि त्यांत अंशशोधनाला मोठे स्थान होते. फ्रँकलिन यांची दिशा आम्हाला पटते, पण उत्तर पुरेसे वाटत नाही. अंशशोधन नीट झाले, सगळे आकडे एकमेकांशी जुळले, तरीही सगळे मिळून चुकू शकतात. हे कल्पनेने म्हणत नाही, क्ष-किरणांच्याच इतिहासात असे घडलेले आहे.

त्याआधी आपल्या परंपरेकडे एक नजर. नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनीत विचारले, प्रमाणांनी प्रमेये सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर अनवस्था. न्यायसूत्रांत याच आक्षेपाचा विचार आहे, आणि तिथे दृष्टान्त कशाचा आहे ठाऊक आहे? तराजूचा! एकच वस्तू एका कामात प्रमाण आणि दुसऱ्या कामात प्रमेय असू शकते. वात्स्यायन भाष्यात उलगडा करतात: तराजूने सोने तोलले तेव्हा तराजू प्रमाण, पण त्याच सोन्याने दुसरा तराजू तपासला तर सोने प्रमाण. मँगनीजच्या रेषेचे जे झाले ते हेच. ते सोने म्हणजेच आपला स्रोत.

उत्तर सुंदर आहे, पण त्यात एक भोक आहे. पहिला तराजू खोटा असेल तर त्याची खोट सोन्यातून दुसऱ्या तराजूत जाईल आणि दोन्ही तराजूंचे छान जुळेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेमके असेच झाले.

स्वीडनचे मान्ने सीगबान यांनी क्ष-किरणांच्या तरंगलांबी लाखात एक भाग इतक्या काटेकोरपणे मोजल्या. १९२४ सालचे नोबेल त्यांना मिळाले. पण मोजपट्टी काय होती? कॅल्साइटच्या स्फटिकातले थरांमधले अंतर. ते अंतर काढायला स्फटिकाची घनता आणि अ‍ॅव्होगॅड्रो संख्या लागते. ती संख्या यायची इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारातून, आणि विद्युतभार यायचा रॉबर्ट मिलिकन यांच्या तेलाच्या थेंबाच्या प्रयोगातून. मिलिकन यांना १९२३ सालचे नोबेल. दोन नोबेल, एक साखळी, सगळे जुळलेले.

मग कॉम्प्टन आणि डोन यांनी १९२५ साली दाखवले, की काचेवर किंवा धातूवर आखलेल्या रेघांच्या जाळीवर क्ष-किरण अगदी तिरपे टाकले तर त्यांची तरंगलांबी स्फटिकाशिवायही मोजता येते. रेघांमधले अंतर साध्या प्रकाशाने मोजायचे, म्हणजे ते थेट मीटरशी जोडले जाते. अप्सालाच्या एरिक बेक्लिन यांनी १९२८ साली या पद्धतीने काटेकोर मोजले, तर आकडे जुळेनात. सुमारे हजारात दोन भागांचा फरक. आधी लोकांनी संशय घेतला तो जाळीवर आणि स्फटिकांच्या शुद्धतेवर. अखेर खोट सापडली कुठे? हवेत! मिलिकन यांनी हवेच्या विष्यंदितेचा, म्हणजे घट्टपणाचा, जो आकडा वापरला होता तो चुकीचा होता. १९३०च्या दशकात तो नव्याने मोजला गेला. विद्युतभार सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. थरांमधले अंतर विद्युतभाराच्या घनमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून तिथे ती चूक ०.२ टक्के झाली. लाखात एक भाग अचूक असलेली मोजमापे मुळातून शेकडो पट जास्त चुकलेली होती. पासंग अप्सालात नव्हता, शिकागोतल्या तेलाच्या थेंबाभोवतीच्या हवेत होता.

आता या घटनेला आपण दोन्ही पुस्तकी मतांवर घासून बघू. सगळे जुळले म्हणजे झाले, हे मत इथे पडते. वाटाघाटीने सुटते, हे मतही पडते. वाटाघाट जर निर्णायक असती तर दोन नोबेल एका बाजूला आणि एक तरुण संशोधक दुसऱ्या बाजूला, निकाल काय लागला असता? निकाल लागला तो दुसऱ्या वाटेने केलेल्या मोजणीमुळे. रेघांच्या जाळीतही दोष असतील, पण ते हवेच्या विष्यंदितेशी नाते सांगणारे नाहीत. आमच्या मते स्रोताची खरी कसोटी ही आहे: त्याचे दोष आणि ज्याला तपासायचे त्याचे दोष एका कुळातले नसावेत. सोयरीक जुळवताना सगोत्र टाळतात ना, तसे. आजीने पारडी बदलली तेव्हा तिने हेच केले. तिने दोषाला त्याच्या जागेवरून हलवले, आणि दोष मालाबरोबर हलला नाही म्हणून तो दिसला.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तर अगदी अलीकडची घ्या. ताऱ्यांमधल्या अवकाशातल्या ऑक्सिजनची रेषा ५३० इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास असते. उपग्रहांनी मोजलेली जागा आणि प्रयोगशाळेतली जागा जुळत नव्हती. फरक सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. किरकोळ वाटतो? हिशेबाने तो सेकंदाला अडीचशे किलोमीटर वेगाइतका होतो. म्हणजे चहूकडचा ऑक्सिजन आपल्या संदर्भात एकाच तऱ्हेने धावतो आहे असे मानावे लागले असते. २०२० साली एका गटाने वेगळी वाट धरली. प्रयोगशाळांतली मोजपट्टी होती ऑक्सिजन वायूच्या रेणूची. त्याऐवजी त्यांनी आयन-सापळ्यात जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले अणू पकडले. एक-दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या अणूच्या रेषा सिद्धान्तावरून अतिशय अचूक काढता येतात. त्या मोजपट्टीवर रेणूची जुनी मापे सुमारे ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने सरकलेली निघाली. आकाश बरोबर होते, प्रयोगशाळेचे वजन खोटे होते. आणि त्याच वजनाने इतरांनीही माल तोलला होता.

पण कॉलिन्स यांना सरसकट निकालात काढू नका, कारण एका जागी ते बरोबर आहेत. बदली संकेत खऱ्यासारखा आहे का, हा प्रश्न कधीच संपत नाही. हितोमीच्या त्या डिटेक्टरात ३६ चौकटी होत्या. त्यांतली एक बाजूला काढून तिच्यावर कायम लोह-५५चा मारा ठेवलेला होता, म्हणजे तिच्यावरून बाकीच्यांचे सरकणे ओळखायचे. पर्सियस दीर्घिकासमूहाची निरीक्षणे झाली तेव्हा यंत्र अजून पुरते स्थिरावले नव्हते, आणि सगळ्या चौकटी त्या एकीच्या पावलावर पाऊल टाकीत नव्हत्या. मग एका विश्लेषणात संशोधकांनी पर्सियसमधल्या लोहाची रेषाच आधाराला घेतली. प्रत्येक चौकटीतली ती रेषा सरकवून एकाच जागी बसवली आणि मग तिची रुंदी मोजली. वायूची खळबळ सेकंदाला १६४ किलोमीटर, दहा किलोमीटर इकडे-तिकडे, असे उत्तर आले. जगभर गाजले.

आकाशालाच स्रोत केले, ही लबाडी झाली का? नाही, पण तिची किंमत मोजावी लागते. सगळ्या रेषा तुम्हीच एका जागी बसवल्यात, तर वायूचा एक भाग दुसऱ्याच्या तुलनेने जवळ येतो आहे की दूर जातो आहे, हा प्रश्न त्या आकड्यांना विचारता येत नाही. रुंदीचा प्रश्न विचारता येतो. संशोधकांनी ही मर्यादा उघड सांगितली आणि वेगांच्या फरकासाठी वेगळे विश्लेषण ठेवले. कॉलिन्स यांचा पेच इथे असा दिसतो: तो सगळे ज्ञान गिळत नाही, पण काही प्रश्न गिळतो. कोणते प्रश्न, हे स्रोत कसा बनवला आहे यावर ठरते. म्हणून स्रोत कसा बनवला आहे ते पाहिल्याशिवाय या पेचाबद्दल बोलू नये. आम्ही मात्र बोलत राहिलो.

तेव्हा परीक्षणाचा निष्कर्ष असा. 'चेंजिंग ऑर्डर' जरूर वाचा. आक्षेप खरा आहे आणि कोणत्याही यंत्रावर भाबडा विश्वास ठेवू देत नाही. पण त्याचा निकाल घाईचा आहे, कारण पुस्तकात माणसे बोलताना दिसतात, वस्तू बनवताना फारशी दिसत नाहीत. स्फटिकात खाच कापणारा, एलईडीखाली पृष्ठभाग चढवणारा, सापळ्यात अणू सोलणारा माणूस सहमती शोधत नसतो. जो दोष आपल्या यंत्रात आहे तो आपल्या वजनातही आला नसेल ना, या काळजीने तो वेगळ्या कुळातले वजन घडवत असतो. नैयायिक ज्याला परतःप्रामाण्य म्हणतात त्याचे हे हातांनी केलेले रूप आहे. अनवस्था इथेही आहेच, साखळी कुठेतरी थांबवावी लागते. पण साखळी एकाच खुंटीला टांगणे वेगळे आणि चार बाजूंनी चार खुंट्यांना बांधणे वेगळे.

ती विद्यार्थिनी आता कुठे आहे, आम्हाला ठाऊक नाही. तिचा प्रश्न रास्त होता आणि आमचे उत्तर चुकीचे होते. वर्ग आता उरला नाही, म्हणून इथे सांगितले.

पुढच्या व्याख्यानात आपण दुसरी बाजू घेऊ: मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य. शंका घ्यायला कारण नसेल तोवर ज्ञान खरेच मानावे, असे ते म्हणतात. आजचे उदाहरण त्यांच्या विरुद्ध जाते असे तुम्हाला वाटले असेल. आम्हाला तसे वाटत नाही, पण का, ते पुढच्या वेळी. प्रश्न जरूर पाठवा.